रुळलेले आणि रुजलेले

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वर्षातून एकदा एक छापील फॉर्म फिरतो. कँटीनचे जेवण, पिण्याचे पाणी, उजेड, वारा, स्वच्छतागृह, साहेबांचे वागणे असे एकेक विषय आणि प्रत्येकासमोर 'पूर्ण समाधानी'पासून 'अजिबात नाही'पर्यंत पाच चौकोन. व्यवस्थापनशास्त्राची मुलेही आपल्या प्रकल्पासाठी असलाच फॉर्म घेऊन कारखान्यांचे उंबरे झिजवतात. खुणांची बेरीज होते, टक्केवारी निघते, आणि शेवटच्या पानावर बहुधा एकच निष्कर्ष असतो: कामगार कामाच्या वातावरणावर समाधानी आहेत, म्हणून त्यांना संस्थेविषयी आपुलकी आहे.

या वाक्यातल्या 'म्हणून'वर माझा आक्षेप आहे. समाधान आणि आपलेपणा या एकाच गोष्टीच्या दोन पायऱ्या आहेत, पहिली बांधली की दुसरी आपसूक बांधली जाते, ही समजूत मालकांत आहे, संस्थाचालकांत आहे आणि कामगारांच्या पुढाऱ्यांतही आहे. ती मला उथळ वाटते. समाधान येते ते मिळाल्यातून. आपलेपणा येतो तो दिल्यातून, आणि आपण दिलेले तिथे धरले गेले, मोजले गेले, या अनुभवातून. दोहोंची मुळे वेगळ्या जमिनीत आहेत. त्यामुळे एक वाढले म्हणून दुसरे वाढेलच असे नाही. उलट ज्याला संस्था सर्वात जास्त आपली वाटते तोच तिथला सर्वात असमाधानी माणूस असू शकतो. हे मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधाराने मांडणार आहे. कामाच्या ठिकाणाशी माणसाचे नाते कसे जुळते आणि कसे तुटते, याचे गेल्या शंभराहून अधिक वर्षांचे पुरावे कृष्णाकाठी पडून आहेत.

आधी शब्द नीट लावून घेऊ

नोकरीबद्दल बोलताना आपण जी क्रियापदे वापरतो ती या फॉर्मपेक्षा शहाणी आहेत. पोरगा नोकरीला 'लागतो'. कायम झाला की 'चिकटला एकदाचा' असे म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. वर्ष-दोन वर्षांत तो 'रुळतो': साहेबाचा स्वभाव कळतो, पाळीची सवय होते, डबा कुठे बसून खायचा ते ठरते. काम आवडत असेल तर तो 'रमतो'. यापुढची पायरी क्वचित येते. तो तिथे 'रुजतो', म्हणजे ती जागा त्याच्या 'मी' या शब्दात शिरते आणि 'आमच्याकडे असं करत नाहीत' हे वाक्य त्याच्या तोंडून सहज निघते.

समाधानाचे फॉर्म मोजतात ते रुळणे. चांगल्या प्रश्नावलीत थोडे रमणेही सापडते. रुजणे मात्र त्या पाच चौकोनांत मावत नाही, कारण रुजलेला माणूस पाण्याच्या टाकीबद्दल 'अजिबात नाही'वर खूण करील आणि दुसऱ्या दिवशी ती टाकी स्वतः उघडून पाहील.

1. सोयींनी तक्रार थांबते. जवळीक सुरू होत नाही

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना कामातले चांगले आणि वाईट प्रसंग विचारले, आणि 1959 मध्ये आपला निष्कर्ष मांडला. लोकांना खुपणाऱ्या गोष्टी एका जातीच्या होत्या: पगार, देखरेख, नियम, कामाची जागा. त्यांना उभारी देणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच जातीच्या होत्या: काही तडीस नेल्याचा आनंद, जबाबदारी, कामाची ओळख, खुद्द काम. त्यामुळे असमाधान दूर केले की समाधान उभे राहते, हे गणितच त्यांना चुकीचे वाटले. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. माणूस यशाचे श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, हा त्यातला वजनदार मुद्दा आहे. तो मान्य करूनही मूळ भेद टिकतो असे मला वाटते.

आपल्याकडे तर या भेदाला कायद्याचाच आधार आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीन, दीडशेहून अधिक असतील तिथे विसाव्याची खोली आणि तीसहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. याचा अर्थ कँटीन हा कामगाराचा हक्क झाला. हक्काची गोष्ट मिळाली म्हणून कोणाला जिव्हाळा वाटत नाही, वाटूही नये. ती न मिळाल्यास संताप यावा, मिळाल्यास माणसाने निवांत जेवावे, इतकेच तिचे काम. जेवणाच्या ताटाकडून निष्ठेची अपेक्षा करणारा व्यवस्थापक हक्काला उपकाराचे रूप देत असतो, आणि कामगाराला ते लगेच कळते.

शिवाय सोयीची सवय होते. नवी बस सुरू झाली की महिनाभर कौतुक होते, पुढच्या महिन्यात ती पाच मिनिटे उशिरा आल्याची तक्रार होते. यात कृतघ्नता नाही. मिळालेली गोष्ट मनाच्या हिशेबात लवकरच गृहीत जमा होते आणि नजर पुढच्या उणिवेवर जाते, ही माणसाची ठेवणच आहे.

2. जिथे हात लागला, तिथे जीव लागला

आता उलट बाजू. वातावरणावरून आपलेपणा ठरत असता तर किर्लोस्करवाडी उभीच राहिली नसती.

बेळगावच्या नगरपालिकेला शहरवाढीसाठी जागा हवी झाली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला कारखाना हलवावा लागला. औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. मार्च 1910 मध्ये पंचवीसेक कामगार आपल्या कुटुंबांसह तिथे पोचले, तेव्हा समोर निवडुंगाचे रान होते. पाण्याची वानवा, सापांचा सुळसुळाट, डोक्यावर धड छप्पर नाही. त्या माणसांपुढे आजचा फॉर्म ठेवला असता तर पाणी, निवारा, स्वच्छता, सुरक्षितता या सगळ्यांसमोर एकाच टोकाच्या चौकोनात खुणा पडल्या असत्या. तरी ती माणसे राहिली, आणि त्या स्टेशनाचे नावच पुढे किर्लोस्करवाडी झाले.

याचे श्रेय मालकाच्या प्रेमळ स्वभावाला देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते स्पष्टीकरण अपुरे पडते. निवडुंग त्यांनीच तोडला, घरे त्यांनीच उभी केली, भट्टी त्यांनीच पेटवली. शाळेच्या अभ्यासात मागे राहिलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक अभियंता झाले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशींकडे राखणीचे काम सोपवले गेले. ज्याच्यापासून राखण करायची असे जग म्हणत होते, त्यालाच राखणदार केले. ही सोय नव्हती आणि बक्षीसही नव्हते. तुझ्या हातून काहीतरी घडू शकते, असा तो विश्वास होता. तो विश्वास खरा करून दाखवताना माणूस स्वतःचा जो भाग खर्ची घालतो, त्याच्याशी त्याचे नाते जुळते. आईला मूल प्रिय होते ते त्याने तिला काही दिले म्हणून नाही, तिने त्याच्यासाठी रात्री जागवल्या म्हणून. कामाच्या ठिकाणाचेही तसेच आहे.

याच संस्थानात 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही कैद्यांची वसाहत. भिंत नाही, काम शेतीचे. व्ही. शांतारामांच्या 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'मागची प्रेरणा हीच. कैद्याला 'कामाच्या वातावरणाचे समाधान' विचारणे क्रूरपणाचे ठरेल. तरीही पळून जाण्याची संधी असताना माणसे थांबू शकतात, हे तिथे दिसले. आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखात सोयींच्या मोहाने तर ती नक्कीच थांबली नसतील.

तिसरा दाखला मला सर्वात निर्णायक वाटतो, तो रयत शिक्षण संस्थेचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे ती स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास आणली. सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवताना धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. तो इतिहास जिल्ह्यात मुलाबाळांना पाठ आहे. माझे लक्ष वेधते ती त्यानंतरची गोष्ट. रयतचा शिक्षक बदलीचा नोकर असतो. संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक, कितीतरी जिल्ह्यांत पसरलेल्या. आज माणदेशातल्या पत्र्याच्या वर्गात शिकवणारा उद्या नदीकाठच्या प्रशस्त इमारतीत जातो, आणि कधी नेमके उलट होते. इमारत बदलते, मुख्याध्यापक बदलतो, सहकारी बदलतात, पाणीसुद्धा बदलते. म्हणजे ज्याला आपण 'कामाचे वातावरण' म्हणतो ते सारेच दर काही वर्षांनी पालटते. तरी निवृत्त झालेला शिक्षक स्वतःला 'मी रयतचा' असे सांगतो, शाळेचे नाव नंतर येते. वातावरण बदलूनही जी टिकते ती ओढ वातावरणातून आलेली असू शकत नाही. ती येते आपण एका मोठ्या कामाला हातभार लावला या जाणिवेतून, आणि ते काम आपल्यासारख्याच माणसांच्या पोरांसाठी होते या ओळखीतून. त्यांतले कितीतरी शिक्षक स्वतः त्याच वसतिगृहांत 'कमवा आणि शिका'च्या खुरप्यावर वाढले होते.

3. टिकून राहणे म्हणजे आपलेपणा नव्हे

'आमच्याकडे माणसं वीस-वीस वर्षं टिकतात,' असे एखादा मालक अभिमानाने सांगतो तेव्हा सावध व्हावे. कॅनडातल्या जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या संशोधकांनी 1990 च्या सुमारास संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार वेगळे केले. माझ्या शब्दांत सांगायचे तर कोणी मनाने राहतो, कोणी हिशेबाने राहतो, कोणी मिंधेपणाने राहतो. मनाने राहणाऱ्याला राहावेसे वाटते. हिशेबवाल्याला सोडणे परवडत नाही. मिंध्याला सोडणे बरे दिसत नाही, खाल्ल्या मिठाला जागायचे असते. हजेरीपटावर तिघांची सही सारखीच दिसते.

आपल्या भागात हिशेबाने राहण्याला एक खास रूप आहे, ते बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. पलूस, इस्लामपूर, कराड, मिरज पट्ट्यातला कामगार पुष्कळदा अर्धा शेतकरी असतो. घरी एकरभर ऊस, गोठ्यात दोन म्हशी, म्हातारे आईवडील, वाटणीचा वाडा. पहिली पाळी सुटली की तो दुपारी मोटर चालू करायला मळ्यात असतो. त्याच कामाला चाकणला जास्त पगार मिळेल हे त्याला ठाऊक आहे. पण तिथे खोलीचे भाडे आहे, आणि इथे डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी येते. तो थांबतो तो मातीसाठी, गावच्या जत्रेसाठी, आईच्या गुडघ्यांसाठी. आणि गावाची ही सगळी ओढ मालक बिनदिक्कत कारखान्याच्या खात्यावर जमा करून टाकतो. या गैरसमजाची किंमत पुढे मोजावी लागते. 'हे कुठं जातात' या भरवशावर पगारवाढ रखडते, शिकवणे थांबते, आणि त्याच घरातला धाकटा मुलगा म्हशी विकून पुण्याची गाडी धरतो.

4. तक्रार हा आपलेपणाचा पुरावा

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 मध्ये एक साधी मांडणी केली. संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा असेल तर माणूस लगेच निघून जात नाही, आधी आवाज उठवून पाहतो. याची दुसरी बाजू आपण विसरतो. आवाजच बंद झाला, तर निष्ठा संपली असण्याची शक्यता मोठी असते. पाट्या टाकणारा माणूस तक्रार करत नाही. त्याला वारा नको, उजेड नको, सुधारणा नको. त्याला घड्याळात पाच वाजायला हवे असतात. समाधानाच्या फॉर्मवर तो मधल्या चौकोनात रांगेने खुणा करून मोकळा होतो.

एकच अनुभव सांगतो. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ एका फौंड्रीत तीस वर्षे मोल्डिंगवर होते. भट्टीच्या बाजूचा धूर ओढून घेणारा पंखा अपुरा आहे, ही तक्रार त्यांनी आयुष्यभर केली. कामगार समितीत केली, पर्यवेक्षकाकडे केली, एकदा पाहुण्यांसमोरही केली आणि बोलणी खाल्ली. सगळ्या खात्यात 'कटकट्या' म्हणून त्यांची ख्याती होती. निवृत्त होऊन सहा-सात वर्षे झाली, तरी त्या फौंड्रीतला कोणी भेटला की त्यांचा पहिला प्रश्न असतो: 'पंखा बसवला का?' आता त्या धुराचा त्यांना काही त्रास नाही. प्रश्न त्यांच्यापुरता संपून बराच काळ लोटला, पण जागेपुरता तो उरला आहे, आणि जागा त्यांची आहे. त्यांनी भरलेले सगळे फॉर्म त्या कारखान्याच्या दप्तरात 'असमाधानी' या रकान्यात पडले असतील.

म्हणून टक्केवारी वाढली की आनंदणाऱ्यांना मी विचारीन: तक्रारी कमी झाल्या त्या सुटल्यामुळे, की करणाऱ्यांनी आशा सोडल्यामुळे?

'आपला कारखाना' यातला 'आपला' कोण?

इथे सहकाराकडे वळायला हवे, कारण 'आपला' हा शब्द या दोन जिल्ह्यांत त्याच्याइतका कोणीच वापरला नाही. 1950 च्या दशकात वसंतदादा पाटलांनी सांगलीत शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. पुढे वारणा, कृष्णा, कोयना यांच्या खोऱ्यांत धुराड्यांची रांग लागली. सभासदाला कारखाना आपला वाटला हे खरे आहे, आणि त्याचे कारण वरच्या दुसऱ्या मुद्द्यात बसते: शेअरचे पैसे त्याने घातले होते, मत त्याचे होते, ऊस त्याचा होता. सर्वसाधारण सभेतला गोंधळ हीसुद्धा आपलेपणाचीच खूण. परक्याच्या दुकानात कोणी भाव कमी-जास्त झाला म्हणून माईक हिसकावून घेत नाही.

पण त्याच कुंपणाच्या आत-बाहेर 'आपलेपणा'चे थर लागलेले आहेत. सभासदानंतर कायम कामगार. मग हंगामी कामगार, जो गाळप संपले की घरी बसतो आणि बंद काळात ठरलेल्या भत्त्यावर राहतो. त्यानंतर रोजंदारीवाला आणि ठेकेदाराचा माणूस. सर्वात शेवटी ऊसतोडणीची टोळी: बीडकडून, दुष्काळी जतमधून, माणमधून आलेली. मुकादमाची उचल फेडण्यासाठी ती पाच-सहा महिने पाचटाच्या कोप्यांत राहते. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. दोन माणसे, चार हात, आणि हिशेबाच्या वहीत एक अवजार. या माणसांशिवाय एक किलो साखर होत नाही. त्यांचे हात लागतात, पण ते लागल्याची नोंद कुठेच होत नाही. माझ्या विधानाचा दुसरा अर्धा भाग इथे कळतो: नुसते देणे पुरत नाही, दिलेले धरले जावे लागते. कोयत्याच्या नावाने मोजलेल्या बाईला कारखाना आपला वाटावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याउलट माथाडीकडे पाहा. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना एकत्र केले. त्यांत सातारा जिल्ह्यातली माणसे फार मोठ्या संख्येने होती. 1969 चा माथाडी कायदा झाला. माथाडीला एक मालक नसतो, एक छत नसते, बसायला खुर्ची नसते. पण नोंदणी आली, मंडळ आले, भविष्य निर्वाह निधी आला, आणि कामावर टोळीचा शब्द चालू लागला. वातावरण तेच घामाचे राहिले, तरी 'मी माथाडी आहे' हे सांगताना मान ताठ होऊ लागली. कारण आता त्याची गणती होती, आणि माणूस म्हणून होती.

आक्षेप

पहिला आक्षेप रास्त आणि तातडीचा आहे: 'पगार थकलेत, आणि तुम्ही आपलेपणावर लिहिता?' आजारी पडलेल्या साखर कारखान्यांत महिनोन्‌महिने पगार न मिळालेले कामगार आपण पाहिले आहेत. विनाअनुदानित शाळांत उमेदीची वर्षे फुकट किंवा नाममात्र पैशांत घालवलेले शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. राज्याने 2000 साली अल्प मानधनावर तरुण शिक्षक नेमायला सुरुवात केली तेव्हा त्या पदाला 'शिक्षणसेवक' असे नाव दिले. 'सेवक' हा शब्द कर्मवीरांच्या संस्थेत स्वेच्छेच्या त्यागातून आला होता, सरकारी आदेशात तो काटकसर झाकायला आला. म्हणून मी स्पष्ट लिहितो: आपलेपणा हा पगाराचा पर्याय नाही, आणि तो कमी पगाराचे समर्थन म्हणून वापरणारा माणूस लबाडी करतो. समाधान आणि आपलेपणा वेगळे आहेत असे मी म्हणतो तेव्हा एक सोडून दुसरे द्या, असा त्याचा अर्थ होत नाही. पगार, सुरक्षितता, पाणी, स्वच्छतागृह यांचा हिशेब आधी आणि स्वतंत्रपणे चुकता झाला पाहिजे. त्यानंतरही काही उरते, तिथून माझा विषय सुरू होतो.

दुसरा आक्षेप असा, की मी जुन्या काळाचे गोडवे गातो. कारखान्याच्या वसाहतीत घर मालकाचे, दुकान मालकाचे, शाळा मालकाची. तिथली आपुलकी म्हणजे अवलंबित्वाचेच नाव नव्हते का? नोकरी गेली की घरही जाते, अशा ठिकाणी माणूस मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही. या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. अशा वसाहतींत मिंधेपणाचा अंश होताच, आणि तो पिढ्यांनी वाढत गेला. निवडुंग तोडणारी पहिली पिढी रुजली, तयार क्वार्टर मिळालेली तिसरी पिढी बरीचशी रुळली, असा माझा तर्क आहे. पण यातूनही माझाच मुद्दा पुढे येतो: सोयी वाढत गेल्या आणि हात लागणे कमी होत गेले, तेव्हा नातेही पातळ झाले. याच्या उलट बाजूसाठी कराडजवळच्या ओगलेवाडीकडे पाहावे. 1916 च्या सुमारास सुरू झालेला ओगल्यांचा काचकारखाना आणि त्याचा 'प्रभाकर' कंदील घराघरांत पोचला होता. कारखाना कधीच थांबला. कराडचे रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे आणि गावाचे नावही तेच आहे. आज तिथे कोणतीही सोय देणारा मालक नाही. ज्यांनी तिथे भट्टीपुढे घाम गाळला त्यांच्या घरांतून मात्र तो कारखाना अजून गेलेला नाही.

तिसरा आक्षेप तरुणांबद्दल असतो: 'हल्लीच्या पोरांना कशाचीच ओढ नाही, दोन वर्षांत कंपनी बदलतात.' हा मला सर्वात कमकुवत वाटतो. सोडून जाणे म्हणजे ओढ नसणे, हे गृहीतच चुकीचे आहे. खुद्द भाऊराव पाटलांनी किर्लोस्करांचे नांगर विकले, पुढे सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला, आणि तेथूनही ते बाहेर पडले. नांगर विकताना ते गावोगाव फिरले आणि शेतकऱ्याच्या घरातले अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. ती ओळख ते बरोबर घेऊन गेले आणि तिच्यावर संस्था उभी राहिली. आजचा मुलगा कंपनी बदलतो तेव्हा बहुतेकदा त्याने आवाज उठवायची वाट आधी चाचपलेली असते. यंत्र लावण्याची सोपी पद्धत त्याने सुचवलेली असते आणि 'तुला सांगितलंय तेवढं कर' असे उत्तर मिळालेले असते. आणि तो ठेकेदाराच्या पटावर असेल तर अकराव्या महिन्यात त्याला खंड देऊन पुन्हा नवा करून घेतात. ज्या रोपाला दर अकरा महिन्यांनी उपटून पुन्हा लावले जाते, त्याला मूळ धरत नाही म्हणून दोष देणे हा अन्याय आहे.

मग मोजायचे काय?

फॉर्म बंद करा असे मी म्हणत नाही. कँटीनचे, पाण्याचे प्रश्न त्यात राहू द्यावेत, फक्त त्यांच्या बेरजेला आपुलकी म्हणू नये. आपुलकीचा अंदाज घ्यायचा असेल तर वेगळे विचारावे लागेल, आणि उत्तरे चौकोनांत येणार नाहीत. गेल्या वर्षभरात तुमच्या सांगण्यावरून इथे काय बदलले? तुम्ही सुचवलेले नाकारले गेले तेव्हा कारण कोणी समजावून सांगितले? तुमच्या हाताखाली कोण शिकले, आणि ते शिकवणे कोणाच्या लक्षात आहे? या खात्यातली कोणती गोष्ट तुम्ही नसता तर वेगळी झाली असती? यांतल्या पहिल्या प्रश्नाला ज्या कारखान्यात, ज्या शाळेत, ज्या इस्पितळात बहुसंख्य लोक 'काही नाही' म्हणतील, तिथे पाच चौकोनांतली टक्केवारी कितीही चढली तरी माणसे रुळलेलीच आहेत असे समजावे.

आणि फॉर्म कोणाला दिला जातो, हेही पाहावे. तो हजेरीपटावरच्या कायम माणसांत फिरतो. पॅकिंगला बसणाऱ्या मुली, गेटवरचा रखवालदार, रात्रपाळीत यंत्राखाली सरपटून चिपा काढणारा पोरगा हे ठेकेदाराचे असतात, म्हणून त्यांच्यासाठी प्रतच छापलेली नसते. कुपवाडला काय किंवा साताऱ्याला काय, पुढच्या वर्षी गठ्ठा छापायला जाईल तेव्हा आधी तेवढ्या प्रती वाढवाव्यात, आणि पहिली प्रत त्या पोराच्या हातात द्यावी.